वहिनी, जामीन राहाल का?

पत्राचा गोषवारा (ओळख पटू नये म्हणून गाव, समाज आणि काही तपशील गाळले आहेत):

मी बावन्न वर्षांची आहे. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरी करते. गेली अकरा वर्षं आमच्याकडे पोळी-भाजीला एक बाई येतात, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. त्यांचा बावीस वर्षांचा मुलगा तेरा महिने तुरुंगात आहे. मोटारसायकल चोरीचा गुन्हा, कलम ३०३ (२). याआधी त्याच्यावर काहीही नव्हतं. अडीच महिन्यांपूर्वी कोर्टाने पंचवीस हजारांचा जामीन मंजूर केला, पण जामीनदार मिळत नाही म्हणून तो अजून आतच आहे. अक्कांनी बचत गटाचं कर्ज काढून वकिलाला तीस हजार दिलेत. परवा पोळ्या लाटता लाटता, मान वर न करता त्यांनी मला विचारलं, "वहिनी, तुम्ही जामीन राहाल का?" मी गप्प राहिले.

यजमान म्हणतात, काही केल्याशिवाय पोलीस कुणाला उचलत नाहीत. सासरे म्हणतात, त्यांच्या जमातीत हे रक्तातच असतं. भिशीत मी तुरुंगातल्या गर्दीची बातमी काढली, तर एक मैत्रीण म्हणाली, "ज्याची गाडी गेली त्याचं कोण बघतं? चोरांना आपल्या पैशातून जेवण, आणि वर सुधारणा?" मला उत्तर सुचलं नाही. आणखी एक सांगायची लाज वाटते. मुलगा आत गेल्यावर दोनेक महिन्यांत मी काहीतरी निमित्त काढून अक्कांकडची घराची किल्ली परत घेतली. मी जामीन राहू का? आणि तो खरंच चोर निघाला तर?

उत्तर:

ताई, बाकी सगळं बोलण्याआधी तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी लिहून घेतल्या. कलम ३०३ (२), आणि तेरा महिने.

भारतीय न्याय संहितेतल्या त्या कलमाखाली जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षांची आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४७९ वं कलम आहे. ज्याला आधी कधीच शिक्षा झालेली नाही, अशा कच्च्या, म्हणजे खटला अजून न संपलेल्या, कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, की कोर्टाने त्याला जातमुचलक्यावर सोडायचं असतं. तीन वर्षांचा एक तृतीयांश म्हणजे एक वर्ष. जातमुचलका म्हणजे त्याने स्वतः लिहून दिलेली हमी, त्याला जामीनदार लागत नाही. कोर्टाकडे तसा अर्ज करण्याची जबाबदारी त्याच कलमाने तुरुंग अधीक्षकांवर टाकलेली आहे.

तुम्ही लिहिलंय ते सगळं बरोबर असेल, तर हा मुलगा महिन्याभरापूर्वीच जामीनदाराशिवाय बाहेर यायला पात्र झालाय. अक्का मात्र अजून जामीनदार शोधत दारोदार फिरताहेत.

यात एक खाच आहे. त्याच्यावर एकापेक्षा जास्त गुन्ह्यांचा तपास किंवा खटला चालू असेल, तर हे कलम लागू होत नाही. मोटारसायकल चोरीत एकदा पोरगा सापडला की "तपासात आणखी अमुक गुन्हे उघडकीस" अशी बातमी येते, ती तुम्हीही वाचली असेल. त्यामुळे वकिलाला पहिला प्रश्न हा विचारायचा: गुन्हे एकूण किती दाखवलेत, आणि कोणकोणत्या ठाण्यात? अक्कांना हे बहुधा माहीतच नसेल. आत असलेल्या मुलालाही नेमकं माहीत नसेल. मी काही वर्षं कोर्टात आणि तुरुंगात कायदेविषयक मदतीचं काम केलं, तेव्हा आपल्यावर किती केसेस आहेत हे न सांगता येणारी माणसं मला दर भेटीत भेटायची.

आता तुमचा प्रश्न. मी जामीन राहू का?

तुमच्या मनात जामीन राहणं म्हणजे त्याच्या चारित्र्याची ग्वाही देणं, असं काहीसं आहे. "तो खरंच चोर निघाला तर" यामागची भीती तीच आहे. जामीनदार कोर्टाला एवढंच सांगतो, की हा माणूस तारखेला हजर राहील. त्याने चोरी केली की नाही यावर तुमची सही नसते. तो उद्या दोषी ठरला तरी तुमचे पैसे जात नाहीत. तो तारखा चुकवून पळाला तर मात्र कोर्ट तुम्हाला नोटीस काढतं, तुमचं म्हणणं ऐकतं आणि बंधपत्राची रक्कम वसूल करू शकतं. आज तुम्हाला पंचवीस हजार भरायचे नाहीत, तेवढी ऐपत दाखवायची आहे. पुढे कधी वाटलं की हा आपल्या हाताबाहेर चाललाय, तर ४८९ व्या कलमाखाली अर्ज करून तुम्ही मोकळ्या होऊ शकता. मग त्याला दुसरा जामीनदार द्यावा लागतो, नाहीतर परत आत जावं लागतं.

हे टेबलापाशी कसं दिसतं ते सांगते, कारण अक्कांना जामीनदार का मिळत नाही ते तिथे कळतं. कोर्टातला कारकून कागद मागतो: आधार, रेशन कार्ड, आणि ऐपतीचा पुरावा. म्हणजे सातबारा, नाहीतर घरपट्टीची पावती, नाहीतर पगारपत्रक, कधी तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला. अक्का पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत राहतात. त्यांचे भाऊ, दीर, शेजारी सगळे तशाच खोल्यांत राहतात. वाळव्यात ऊस तोडणारा भाऊ जामीन राहायला एका पायावर तयार असेल, पण त्याच्या नावावर सातबारा नाही. ज्यांच्या नावावर सातबारा आहे, पगारपत्रक आहे, असं अक्कांच्या ओळखीत कोण? ज्यांच्याकडे त्या पोळ्या करतात ते. म्हणून त्या तुमच्यापाशी आल्या. त्यांच्या साऱ्या ओळखीत चालणारा कागद फक्त तुमच्याकडे आहे.

१९७८ साली सर्वोच्च न्यायालयात मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचं प्रकरण आलं होतं. मोतीराम त्याचं नाव. त्याला जामीन मिळाला होता, पण दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला. त्याच्या भावाने जामीन राहायची तयारी दाखवली, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी गरिबाला पेलणार नाही असा जामीन मागण्यावर कडक शब्दांत टीका केली आणि त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडलं. त्याला आता पंचेचाळीसहून जास्त वर्षं झाली. तुमच्या स्वयंपाकघरातला प्रश्न तोच आहे.

त्यामुळे माझा सल्ला असा, की जामीन राहायचं की नाही हा निर्णय तुम्ही सध्या बाजूला ठेवा. आधी अक्कांना घेऊन मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या, तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे, नाहीतर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. पतसंस्थेतून अर्धा दिवस रजा काढा आणि स्वतः बरोबर जा, नुसता पत्ता देऊन पाठवू नका. त्या एकट्या गेल्या तर दारातल्या शिपायाने "साहेब नाहीत" म्हटल्यावर परत येतील. तुम्ही बसून राहाल.

तिथे काय सांगायचं? जामीन मंजूर होऊन अडीच महिने झाले, तरी मुलगा आत आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी याबाबत स्पष्ट निर्देश दिलेले आहेत. जामिनाचा आदेश झाल्यापासून सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार देता आला नाही, तर कोर्ट आपणहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. स्थानिकच जामीनदार हवा असा हट्ट धरू नये, असंही त्यात म्हटलंय. वर सांगितलेलं ४७९ वं कलम आहेच. शिवाय २०२३ पासून गरीब कैद्यांसाठी केंद्र सरकारची योजना आहे. पैशाअभावी जामीन अडलेल्या कच्च्या कैद्याला तीत मदत मिळू शकते, आणि दंड भरता येत नाही म्हणून अडकलेल्या पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या, कैद्यालाही. २०२३ मध्ये ही मर्यादा कच्च्या कैद्यासाठी चाळीस हजार आणि पक्क्यासाठी पंचवीस हजार होती, आज किती आहे ते तिथेच विचारा. मंजुरी जिल्ह्याची समिती देते, आणि विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव त्या समितीवर असतात.

बरोबर न्यायचे कागद: जामीन मंजुरीच्या आदेशाची प्रत, केस नंबर, एफआयआरची प्रत असेल तर ती, मुलाचा बंदी क्रमांक आणि अटकेची तारीख. काही नसलं तरी जा. नाव आणि अटकेची तारीख यावरून ते बाकीचं काढू शकतात. आधी फोनवर बोलायचं असेल तर १५१०० हा विधी सेवेचा देशभरचा क्रमांक आहे.

अक्का कदाचित म्हणतील, "सरकारी वकील काय कामाचा, फुकटचा." हे मी शेकडो आयांच्या तोंडून ऐकलंय. कोठडीत असलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळायचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमाने दिलेला आहे. आता बऱ्याच जिल्ह्यांत लोक अभिरक्षक कार्यालयं आहेत, तिथले वकील पूर्णवेळ हेच काम करतात. सगळेच चांगले असतात असं मी म्हणणार नाही. पण बचत गटाचं कर्ज काढून ठेवलेला वकील अडीच महिन्यांत अट शिथिल करण्याचा अर्जसुद्धा करत नसेल, तर त्या तीस हजारांतून काय मिळालं हे अक्कांनी त्याला विचारायला हवं. तो विचारण्याचा धीर त्यांना एकटीला होणार नाही.

कोर्टाच्या आवारात "पाच-सात हजार द्या, जामीनदार उभा करतो" म्हणणारे भेटतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका. खोटं रेशन कार्ड, दुसऱ्याच्या नावाचा सातबारा असले प्रकार त्यात असतात. ते उघडकीला आले तर मुलगा पुन्हा आत जातो आणि नवा गुन्हा अंगावर येतो.

हे सगळं करूनही कोर्टाने जामीनदार मागितलाच, मग तुमचा प्रश्न पुन्हा समोर येईल. तेव्हा मुलगा सुटल्यावर आईजवळच राहणार आहे का, ते बघा. खटला संपेपर्यंत, म्हणजे कदाचित तीन-चार वर्षं, त्याच्या तारखा तुम्ही डायरीत लिहून ठेवू शकाल का? आणि सगळं बिनसून पंचवीस हजार गेलेच, तर तुमचं घर ते सोसेल का? तिन्हींचं उत्तर हो असेल तर मी म्हणेन, राहा. शेवटच्याचं उत्तर नाही असेल, तर अक्कांना तसं सरळ सांगा. त्यात कमीपणा नाही. यजमानांना अंधारात ठेवून मात्र सही करू नका, घरातला पैसा दोघांचा आहे. आणि गप्प राहू नका. अक्का रोज तुमच्या ओट्यापाशी उभ्या राहून उत्तराची वाट बघताहेत.

यजमानांचं म्हणणं, काही केल्याशिवाय पोलीस उचलत नाहीत. ताई, त्याने चोरी केली की नाही मला ठाऊक नाही. तुम्हालाही नाही. ज्या कोर्टाने ते ठरवायचं, त्याने अजून ठरवलेलं नाही. २०२२ च्या अखेरीस देशातल्या सगळ्या तुरुंगांत मिळून ४ लाख ३६ हजार माणसांची सोय होती, आणि आत होती ५ लाख ७३ हजार. त्यातले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे दर चारांतले तीन. देशभरातल्या तुरुंगांची मंजूर जागा जवळपास सगळी अशा माणसांनीच भरली, ज्यांचा निकाल लागलेला नाही. शिक्षा झालेले सगळे त्यावरचे. भिशीत गर्दीचा विषय पुन्हा निघाला तर हे दोन आकडे तेवढे सांगा. आपण तुरुंग म्हणजे शिक्षा भोगण्याची जागा समजतो, प्रत्यक्षात ती मुख्यतः वाट बघण्याची जागा झाली आहे.

ती वाट कशी बघतात? सकाळी कोर्टाची तारीख असते, पण कैद्याला न्यायला पोलीस पार्टीच मिळत नाही. "गार्ड नाही" एवढा शेरा पडतो आणि पुढची तारीख लागते. कधी व्हिडिओवर हजेरी होते, पडद्यावर पोराचा चेहरा अर्धा मिनिट दिसतो आणि जातो. रात्री बराकीत माणसाला माणूस चिकटून झोपलेला असतो. एका मुलाने मला सांगितलं होतं, कूस बदलायची तर शेजारच्याला उठवून विचारावं लागतं. पहिल्यांदाच आलेला विशीतला पोरगा आणि दहा गुन्ह्यांतला सराईत त्या एकाच रांगेत असतात. त्यांना वेगळं ठेवायला जागाच नसते. तेरा महिन्यांत त्याने आत काय शिकलं असेल याची धास्ती तुमच्या यजमानांना वाटत असेल, तर ती रास्त आहे. म्हणूनच त्याला तिथून लवकर काढायला हवं.

आणि त्याने चोरी केलीच असेल तर? तरी कायदा त्याच्याकडे अट्टल चोर म्हणून बघत नाही. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली असा पहिलाच गुन्हा असलेल्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडून द्यायची मुभा कोर्टाला आहे. म्हणजे दोषी ठरल्यावर कदाचित एक दिवसही तुरुंगात काढावा लागला नसता, असा मुलगा दोष ठरण्याआधीच तेरा महिने आत बसलाय.

भिशीतल्या तुमच्या मैत्रिणीचा प्रश्न मात्र खरा आहे. ज्याची गाडी गेली त्याचं कोण बघतं? तिला गप्प करू नका, तिच्याबरोबर त्या माणसाकडे नीट बघा. त्याची मोटारसायकल सापडली असेल तर मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात उभी असेल, टायरांतली हवा गेलेली, सीटवर पावसाळे झेललेली. कोर्टात अर्ज करून ती सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करीन अशा लेखी हमीवर, परत मिळते, हे त्याला कुणी सांगितलंय का? साक्षीला बोलावल्यावर तो दिवसाची मजुरी बुडवून जातो, आणि आरोपीला आणलंच नाही म्हणून परत येतो. ज्या ढिलाईने अक्कांचा मुलगा आत सडतोय, त्याच ढिलाईने त्या माणसालाही न्याय मिळत नाही. तुमच्या मैत्रिणीला त्याच्यासाठी काही करायचं असेल, तर खटला लवकर चालवा असं तिनेही म्हणायला हवं. आणि करातून जेवणाचं म्हणाल, तर दोन कागद नाहीत म्हणून आत ठेवलेल्या माणसाचा खर्च वाचवायचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे त्याला घरी पाठवणं. तो बाहेर कमावेल आणि आईचं कर्ज फेडेल.

सासऱ्यांच्या वाक्यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण पत्रातलं तेच मला सगळ्यात लागलं.

"रक्तातच असतं" हे इंग्रजांच्या कायद्याचं वाक्य आहे. १८७१ साली त्यांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे त्याखाली आख्ख्या जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. जमातीतल्या माणसांची नावं नोंदवहीत जायची. गाव सोडायला परवाना, रोज हजेरी. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाच्या वसाहतीत त्यांना कोंडून ठेवलं होतं, ते कुंपण तुमच्या सासऱ्यांच्या पिढीने कदाचित पाहिलंही असेल. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती मुक्त झाल्या. म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात. कायदा गेला, पण चोरी झाली की आधी त्यांची पालं आणि वस्त्या झडतात, हे तुम्हालाही माहीत आहे.

आणि हे तुरुंगाबाहेरच थांबलं नाही. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्या तपासल्या. जातीवरून आत कामं वाटली जात होती, स्वयंपाक कुणी करायचा आणि संडास कुणी साफ करायचे हे जात बघून ठरत होतं. विमुक्त जमातींच्या माणसांना सवयीचे गुन्हेगार धरणारी भाषाही त्यांत होती. शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे नियम घटनाबाह्य ठरवले, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं, आणि विमुक्त जमातींतल्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असं पोलिसांनाही बजावलं. एका बाईने नियमांची पुस्तकं चिकाटीने वाचली म्हणून हे झालं. तोवर ती पुस्तकं कचेरीच्या कपाटात होती आणि आपल्यापैकी कुणी ती उघडली नव्हती. लोकजागृती म्हणून जे काही असतं ते मला यात दिसतं.

सासऱ्यांशी भांडू नका. एखाद्या संध्याकाळी त्यांना एवढंच विचारा, की अकरा वर्षं अक्का घरात आहेत, या काळात घरातलं काय गेलं?

तुमच्या भागात बसून तुरुंग सुधारणा म्हणजे स्वप्नरंजन वाटत असेल, तर आटपाडीची आठवण देते. औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलिश अभियंते, यांच्या पुढाकाराने १९३० च्या दशकाच्या अखेरीस तिथे स्वतंत्रपूर वसलं. शिक्षा झालेल्या कैद्यांनी भिंतीविना, बेडीविना माळरानावर शेती करायची. त्यांतले काही खुनाच्या गुन्ह्यातले होते. ती खुली वसाहत आजही आहे, कैदी तिथे कुटुंबासह राहतात. पैठणला आणि मोर्शीलाही खुली कारागृहं आहेत. एवढं जुनं, आपल्याच मातीतलं उदाहरण असून खुल्या कारागृहांत फार थोड्यांना जागा मिळते, आणि अनेक दशकं तुरुंग चालले ते १८९४ च्या कायद्यावर. २०२३ मध्ये केंद्राने नवा नमुना कायदा राज्यांकडे पाठवला. तुरुंग हा राज्याचा विषय आहे, त्यामुळे तुमच्या आमदाराला याबद्दल विचारता येतं. रस्त्याबद्दल विचारतो तसंच: आपल्या जिल्ह्याच्या कारागृहात जागा किती, माणसं किती, डॉक्टर किती वेळा येतो?

भिशीतल्या बायकांना घेऊन काही करायचं असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला पत्र लिहून एक कायदेविषयक शिबीर मागा. ते विनामूल्य घेतात, महिला मंडळाच्या सभागृहातही घेतात. विषय द्या: अटक झाली तर घरच्यांनी काय करायचं. अक्कांच्या वस्तीतल्या बायकांनाही बोलवा, आणि खुर्च्या एकाच रांगेत मांडा. ज्यांना याहून जास्त करावंसं वाटतं त्यांच्यासाठी सांगते: मुंबई-ठाण्याकडे टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून कैद्यांसोबत काम करतोय. पदवीधर मुलामुलींना कळवा, तुरुंगात समाजकार्य हे शिकून करायचं काम आहे.

मुलगा सुटेपर्यंत अक्कांना आणखी एक मदत करता येईल. मुलाखतीला जाणं काय असतं ते बघा. सकाळची पहिली एसटी, तुरुंगाच्या दाराशी चहाच्या टपरीवर मोबाईल ठेवायचे दहा रुपये, नावनोंदणीची रांग. घरून नेलेला डबा परत. मग काचेपलीकडे पोरगा, कानाला फोन, दहा-पंधरा मिनिटं, आणि शेजारी आणखी आठ आया एकाच वेळी ओरडून बोलताहेत. त्या दिवशीची अक्कांची चारही घरची कामं बुडतात. ई-मुलाखतीची सोय आहे, संगणकावर किंवा मोबाईलवर नोंदणी करून घरबसल्या व्हिडिओवर भेटता येतं. त्यासाठी ओळखपत्र आणि फॉर्म भरणारं कुणीतरी लागतं. तुम्ही ते रविवारी दहा मिनिटांत करून द्याल.

किल्लीचं तुम्ही शेवटी लिहिलंत, आणि लाज वाटते म्हणालात. ताई, अक्कांना निमित्त खरं वाटलं असेल असं समजू नका. ज्या बाईने आयुष्यभर लोकांच्या नजरा वाचल्यात, तिला त्याच दिवशी कळलं असणार. तरी त्या रोज येत राहिल्या. किल्ली परत देऊन टाका असं मी घाईने सांगणार नाही. मनात अजून धाकधूक असेल, तर दिलेली किल्ली दोघींनाही टोचेल. पण एकदा त्यांना म्हणा, "अक्का, तेव्हा मी घाबरले होते, खोटं निमित्त काढलं." एवढं बोलून झाल्यावर किल्लीचं काय करायचं ते तुम्हाला दोघींना कळेल. हे विधी सेवा समितीकडे जायच्या आधी बोला. एसटीत शेजारी बसून जायचंय.

आणि मुलगा सुटून येईल त्याची थोडी तयारी. असा मुलगा बरेचदा संध्याकाळी सुटतो, खिशात काही नसतं. कुणीतरी न्यायला हवं. ठाण्यात हजेरीची अट असेल तर वार आणि वेळ भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायला सांगा. ती चुकली की जामीन जाऊ शकतो. पहिले काही आठवडे काम मिळणार नाही, तेव्हा तुमच्या ओळखीचा गॅरेजवाला, दुकानदार, कुणी तयार होतो का ते आत्तापासून विचारा, आणि खरं सांगून विचारा. नंतर कळलं तर तो काढून टाकेल, आणि तुमचाही शब्द जाईल. त्याचं आधार कार्ड आणि मोबाईल अटकेच्या वेळी जप्त झालं असेल, तर कोर्टातूनच परत मागावं लागतं. आधार कार्ड घरी आहे की ठाण्यात, ते अक्कांना उद्या सकाळीच विचारून घ्या.